दगडफुलावर पीएचडी

"त्याचा उपयोग काय?" हा प्रश्न मी नोकरीत असताना किती वेळा ऐकला त्याची गणती नाही. इतिहास शिकवत होते, त्यामुळे तो माझ्या वाट्याला जरा जास्तच यायचा. मुलांनी विचारला की मला राग येत नसे. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं. मोठी माणसं विचारतात तेव्हा मात्र त्यांना उत्तर नको असतं, हे आता सत्तरी ओलांडल्यावर लक्षात आलंय!

सध्या हा प्रश्न आमच्या घरातच मुक्कामाला आहे. माझ्या नातीने औषधांच्या कंपनीतली बऱ्या पगाराची नोकरी सोडून विद्यापीठात पीएचडीला नाव घातलं. विषय आहे लायकेन, म्हणजे आपलं दगडफूल. गोड्या मसाल्यात घालतो ते. आमच्याकडच्या एका लग्नात ही बातमी फुटली आणि पंगतीत हाच विषय. "पीएचडी? दगडफुलावर? मग पुढे काय, तमालपत्रावर का?" लोक हसले, तीही हसली. तिची आई मात्र हसली नाही. फेलोशिपचे पैसे चार-चार महिने येत नाहीत, वय एकोणतीस, आणि हातात आहे ती झाडाची साल! आईची काळजी खोटी नाही, हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण ती हे वाचणार आहे.

तर मंडळी, मला यावर जे वाटतं ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव बहुतेकांना इतिहासकार म्हणून माहीत असतं. ते मूळचे गणिती. जन्म १९०७ सालचा, गोव्यातल्या कोसबे गावचा. हार्वर्डला शिकून आले, पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवलं, आणि १९४५ पासून १९६२ पर्यंत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. राहायला पुण्यात, नोकरी मुंबईत, मधे डेक्कन क्वीन. आता अशा माणसाने काय करावं? तर जुनी नाणी तोलत बसावं!

तक्षशिलेला चांदीच्या आहत नाण्यांचे साठे सापडले होते. या नाण्यांवर ना राजाचं नाव, ना साल. नुसते ठसे. मग कोणतं आधीचं, कोणतं नंतरचं, हे ओळखायचं कसं? कोसंबींनी विचार केला तो किराणा दुकानदारालाही पटेल असा आहे. नाणं टाकसाळीतून निघतं तेव्हा सगळ्यांचं वजन जवळजवळ सारखं. पुढे ते हातोहात फिरतं, झिजतं. जितकं जास्त फिरेल तितकं हलकं. शिवाय सगळी सारखी झिजत नाहीत, म्हणून जुन्या नाण्यांच्या वजनांत आपसांतला फरकही वाढत जातो. तेव्हा एकेक नाणं तराजूत घालून काटेकोर वजन घ्यायचं, मग संख्याशास्त्र लावायचं. अशी हजारो नाणी त्यांनी तोलली. पद्धत बरोबर आहे का हे पाहायला तेव्हाच्या चलनातली साधी नाणीही तोलली. आणि असं दिसलं की नाण्याच्या मागच्या बाजूला जितक्या बारीक खुणा जास्त, तितकं वजन कमी. म्हणजे त्या खुणा वेळोवेळी तपासणी करताना मारलेल्या असणार.

हे वाचल्यावर मी एकदा नववीच्या मुलांकडून चार आण्याची नाणी जमवली होती. प्रयोगशाळेतला काचेच्या पेटीतला तराजू विज्ञानाच्या सरांकडून मागून घेतला. त्या नाण्यांवर साल असतं, त्यामुळे ताळा करता येतो. सत्तरच्या आसपासची नाणी नव्वदच्या जवळच्यांपेक्षा सरासरीने हलकी भरली तेव्हा वर्गात जो गलका झाला, तो ऐकून शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या. "उपयोग काय" असं त्या दिवशी कोणी विचारलं नाही.

याच माणसाने भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती तयार केली, तीही शेकडो पोथ्या पडताळून. याच माणसाने १९४४ साली आनुवंशिकीतलं एक सूत्र मांडलं, ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. नात सांगते की पिकांवर काम करणारे तिचे मित्र ते आजही वापरतात. त्यातल्या कितीजणांना नाण्यांचं माहीत असेल?

विष्णु श्रीधर वाकणकरांची तऱ्हा आणखी वेगळी. माळव्यातला मराठी माणूस, जन्म नीमचचा, मूळ पिंड चित्रकाराचा. १९५७ साली आगगाडीतून जाताना भोपाळजवळ त्यांना खडकांचे विचित्र आकार दिसले. आपणही खिडकीतून बघतो की! त्यांनी मात्र तिथे जाऊन गुहा धुंडाळल्या आणि भीमबेटकाची चित्रं जगापुढे आली. पुढे वर्षानुवर्षं ते गुहांमधून हिंडले, हाताने नकला उतरवत राहिले. कलावंत म्हणायचं की संशोधक? हरणाच्या मानेची रेषा कुठे वळते हे ज्याच्या हाताला कळतं, त्यालाच खडकावरचा पुसट लाल डाग हरीण म्हणून दिसत असणार, असं आपलं माझं मत. पीएचडी त्यांना १९७३ मध्ये मिळाली, चोपन्नाव्या वर्षाच्या सुमारास. एकोणतिसाव्या वर्षाची चिंता करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

असो. नातीकडे वळते. ती आली की घराची प्रयोगशाळा होते. गळ्यात भिंग, पिशवीत खाकी कागदाच्या पुड्या. तिनेच सांगितलं की दगडफूल हे फूल नाही, वनस्पतीही नाही. बुरशी आणि शेवाळ यांचा संसार आहे तो! फार हळू वाढतं, पुष्कळ जाती वर्षाला काही मिलिमीटरच. धुराने नासलेली हवा बऱ्याच जातींना सोसत नाही. गेल्या खेपेला तिने वाण्याकडून दगडफुलाची पुडी आणवली आणि वर्तमानपत्रावर ओतून निवडायला बसली. एकच मसाल्याचा जिन्नस म्हणून आपण जे घेतो त्यात तिला पाच वेगळ्या जाती मिळाल्या. काहींवर रसायनाचा थेंब टाकला की पिवळा रंग, मग लाल. तिची आई आधी स्वयंपाकघरातूनच बघत होती. मग चष्मा लावून आली आणि म्हणाली, "हे काळपट तू चुकीच्या ढिगात टाकलंयस." नातीने भिंगाखाली धरलं. आईचं बरोबर होतं!

तीस वर्षं मसाला करणाऱ्या बाईची नजर आहे ती. त्यानंतर दोघी दीड तास बसल्या होत्या. लग्नाचा विषय निघाला नाही असं नाही, निघालाच, पण निवडता निवडता.

फेलोशिप अजून आलेली नाही. पावसाळ्यात तिला आंबोलीला दोन महिने काढायचे आहेत. जळवांचं मी काही करू शकत नाही, पण राहायची सोय बघते आहे. तिथे कोणाच्या ओळखीत स्वच्छ खोली असेल, पुड्या वाळवायला कोरडी जागा असेल आणि भाडं बेताचं असेल, तर जरूर कळवा. जेवण ती स्वतः करते.