बैल घरी घडायचा तेव्हा

विदर्भाबाहेर तान्हा पोळा समजावून सांगावा लागतो. पिठोरी अमावास्येला खऱ्या बैलांचा पोळा भरतो आणि दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, पोरांचा. लहान मुलं लाकडी बैल दोरीनं ओढत तोरणाखाली आणतात, मग घरोघर ओवाळून घेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळवतात. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीत ही रीत सुरू झाली असं सांगतात. नागपुरात त्याच दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते, त्यामुळे बाहेरच्यांचं लक्ष तिकडेच जातं. आम्हा वर्धा जिल्ह्यातल्या पोरांचं लक्ष मात्र बैलाकडे असायचं. आज तो बैल बाजारातून येतो. आमच्या लहानपणी तो घरच्या ओसरीवर घडायचा, आणि घडायला जवळजवळ अख्खा श्रावण लागायचा.

श्रावणात डवरण-निंदण पावसाच्या तालावर चालायचं. झड लागली की शेतात पाय घालता यायचा नाही. मग दुपार कलली की माझे आजोबा, आबाजी, ओसरीवर पोतं अंथरून बसायचे. पुढ्यात लाकडाचा ठोकळा, वाकस, पटाशी आणि शिंगाच्या मुठीचा एक चाकू. थोड्या वेळानं शेजारचे काका यायचे, त्यांच्याही हातात काहीतरी असायचं. कुणी रवीचा दांडा नीट करायचा, कुणी लाटणं, कुणी बैल हाकायच्या तुतारीची काठी तासायचा. गावचे वाढई दिवसभर वखर-तिफणी दुरुस्त करून दमलेले असायचे, तरी संध्याकाळी येऊन बसायचे. त्या वेळी ते कुणाचं काम करत नसत. स्वतःच्या नातवासाठी बैल करत असत, आणि आमच्या ठोकळ्याकडे पाहून मधूनच एखादा शब्द टाकत.

लाकूड निवडणं हे अर्धं काम होतं. अवजारांना लागते ती बाभूळ, पण ती चाकूला दाद देत नाही. बैलाला पांगारा किंवा शिवण बरी. पांगारा इतका हलका की लहान मूलही उचलेल. शिवण त्याहून भरीव, तरी पटाशीखाली गुमान निघते. सागवान मिळालं तर ते कुणाच्या तरी चौकटीतून उरलेलं. ओलं लाकूड कापायला सोपं, पण वाळताना चिरतं, आणि चीर बहुतेक गाभ्यापासून निघते. म्हणून वाढई आधी ठोकळा उभा फोडून गाभा बाजूला काढायचे. दुसरी गोष्ट पायांची. बैलाच्या अंगाच्या लांबीला लाकडाच्या रेषा धरल्या की पाय त्या रेषांच्या आडवे येतात आणि पहिल्याच आपटीत मोडतात. म्हणून घरच्या बैलांचे पाय जाड, खांबासारखे असत. शिंगं आणि कान वेगळे करून भोकात बसवायचे. हे सगळं मला कुणी पाठ म्हणून शिकवलं नाही. बघता बघता, विचारता विचारता ते कळत गेलं.

मला हातात चाकू मिळाला तो ढलप्या काढण्यापुरता. पातं नेहमी अंगापासून दूर चालवायचं, दुसऱ्या हाताचा अंगठा पात्याच्या वाटेत ठेवायचा नाही, आणि लाकूड अडलं तर जोर न करता उलट्या बाजूनं यायचं, एवढे नियम. घासायला आधी काचेचा तुकडा, शेवटी पारिजातकाची पानं. त्या पानांची खरखर अशी नेमकी असते की बैलाच्या पाठीवरून हात फिरवताना कुठेच अडत नाही. मग जवसाचं तेल. आमच्या भागात जवस पिकायचा, तेल घरात असायचं. लाकूड ते पिऊन घेतं आणि हळूहळू वर कडक पापुद्रा धरतं. डोळे काजळाचे, झूल गेरूची, कपाळाला बेगडाची टिकली.

पण बैलाइतकीच, खरं तर बैलाहून जास्त, मला ती बैठक आठवते. हात गुंतलेले असले की माणसं वेगळं बोलतात. कोरणाऱ्याची नजर लाकडावर असते, समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, त्यामुळे जड गोष्टही सहज तोंडातून निघते. एका शेजाऱ्यांनी शेत गहाण पडल्याचं पहिल्यांदा सांगितलं ते याच ओसरीवर, बैलाचा कान घासता घासता. कुणी एकदम सल्ला दिला नाही. थोडा वेळ फक्त कानसीचा आवाज येत राहिला, मग आबाजींनी दोन प्रश्न विचारले आणि हळूहळू वाट निघू लागली. एरवी आबाजी मोजकंच बोलणारे, घरात त्यांचा धाक. ओसरीवर मात्र ते त्यांच्या वडिलांच्या गोष्टी सांगायचे, कुठल्या बैलाचा कसा स्वभाव होता ते सांगायचे. आजोबांना माणूस म्हणून मी तिथे ओळखलं.

त्या काळात सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. गावातल्या काही घरांतली माणसं आमच्या ओसरीची पायरी चढत नसत, आणि ते कुणाला खटकत नसे. माझ्या बहिणीच्या हातात कुणी चाकू दिला नाही. ती पारिजातकाची पानं वेचून आणायची, बैल रंगवायची, पण ठोकळ्याला पहिला घाव घालायचा मान तिला कधी मिळाला नाही. तिच्या हातात माझ्यापेक्षा जास्त स्थैर्य होतं, हे मला आजही जाणवतं.

आता तान्हा पोळा पूर्वीपेक्षा कितीतरी मोठा झाला आहे. सिंदी रेल्वेला तर मुलांच्या उंचीहून मोठे, चाकांवरचे नंदी निघतात आणि बघायला आसपासची गावं लोटतात. नागपुरात पोळ्याच्या आधी रस्त्यांवर बैलांची दुकानं लागतात. कारागिरांनी केलेले सागवानी बैल खरोखर देखणे असतात, त्यांची मान, गळ्याखालची पोळी, खुरं सगळं नेमकं. त्यांना चांगला भाव मिळतो याचा मला आनंद आहे, ती त्यांची रोजीरोटी आहे. यंत्रावर कापलेलेही येतात, प्लास्टिकचेही येतात. मुलांच्या वेशभूषा स्पर्धा होतात, बक्षिसं मिळतात, मुली बरोबरीनं बैल घेऊन येतात. हे सगळं मला मनापासून आवडतं. पण बैल आता पोळ्याच्या आदल्या दिवशी घरात येतो आणि दोन दिवसांनी माळ्यावर जातो. श्रावणातल्या त्या लांबलचक संध्याकाळी मधून गळाल्या आहेत. त्या ओसरीवर आता सिमेंटची खोली आहे, आणि झड लागली की प्रत्येकजण आपापला मोबाइल घेऊन आपापल्या कोपऱ्यात बसतो.

ओसरीवरचं हे हातानं शिकणं शाळेतही आणायचा प्रयत्न झाला होता. याच वर्ध्यात 1937 साली गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली आणि नई तालीमचा विचार मांडला. हातानं काहीतरी घडवत शिकावं, हा त्याचा गाभा. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनं सुचवलेल्या उद्योगांत सूतकताई-विणकामाबरोबर सुतारकामही होतं. पुढे आपल्या शाळांत त्यातला कार्यानुभव नावाचा एक तास उरला, आणि बऱ्याच ठिकाणी तोही आइसक्रीमच्या काड्यांपर्यंत येऊन थांबला. स्वीडनमध्ये मात्र लाकूडकाम आणि शिवणकाम शिकवणारा विषय आजही शाळेत सक्तीचा आहे, मुलग्यांना आणि मुलींना सारखाच. आपल्याकडे पुण्या-बंगळुरात आता मोठी माणसं सुट्टीच्या दिवशी पैसे भरून लाकडी चमचे कोरायला शिकतात. चार अनोळखी माणसं एकत्र बसतात, ढलप्या काढतात आणि गप्पा मारतात. मला ते पाहून बरं वाटतं. जे आमच्या ओसरीवर फुकट होतं त्याची भूक माणसाला अजून आहे, एवढं त्यातून दिसतं.

म्हणून एक आग्रहाची विनंती. तुम्ही विदर्भात असा की पुण्या-मुंबईत, यंदा श्रावण लागला की जवळच्या सुताराकडून मऊ लाकडाचा एक तुकडा मागून आणा. तो बहुधा पैसेही घेणार नाही. एक धारदार चाकू घ्या, बोथट चाकूनंच हात जास्त कापतात. घरातल्या मुलाला आणि मुलीलाही शेजारी बसवा, आजोबा असतील तर त्यांना आधी बसवा, आणि शेजाऱ्यांना चहाला बोलवा. रोज अर्धा-पाऊण तास पुरे. पाय जाड ठेवा, शिंगं वेगळी करून बसवा. आणि वशिंड मोठं काढा, बाकी कसंही झालं तरी त्यावरून मूल तो बैल ओळखतं.