देठापाशी हिरवा

आम्ही बागवान. मंडईत अब्बांचा गाळा, त्याआधी दादांची रस्त्यावरची पाटी. पहाटे अब्बा मोठ्या बाजारातून क्रेट घेऊन यायचे, गोणपाटावर टोमॅटो ओतायचे आणि आम्ही भावंडं शाळेत जाण्याआधी ते निवडायला बसायचो. गोल, कडक, एकसारखा लाल तो पुढे. चिरलेला, वाकडा, देठापाशी हिरवा राहिलेला तो मागे. रात्री जो माल मागे उरायचा तो घरी यायचा. अम्मी त्याची चटणी करायची, नाहीतर खट्ट्या डाळीत टाकायची. भाजीवाल्याच्या घरात रोज चांगली भाजी शिजते असं लोकांना वाटतं. खरं तर भाजीवाल्याच्या घरात न विकलेली भाजी शिजते.

त्या देठापाशी हिरव्या टोमॅटोचा मला फार राग यायचा. गिऱ्हाईक तो उचलायचं, फिरवून बघायचं, "कच्चा आहे" म्हणून परत टाकायचं. पुढे याच हिरव्या डागावर मी सहा वर्षं घालवीन आणि त्याचीच पीएच.डी. होईल, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

कृषीची पदवी झाली, मग वनस्पती आनुवंशशास्त्रात एम.एस्सी. झाली. पुढे शिकायचं म्हटल्यावर नातेवाइकांमध्ये एकच प्रश्न फिरला: भाजीच विकायची तर डॉक्टर कशाला व्हायचं? अब्बांनी कुणाला उत्तर दिलं नाही. मला मात्र विचारलं, "नेमकं काय शोधणार?" मी म्हटलं, "टोमॅटोत सत्त्व कशानं येतं आणि कशानं जातं, ते."

ते कसं जातं याची एक गोष्ट माझ्या आधीच उलगडली होती. कच्च्या टोमॅटोच्या देठाकडचा गडद हिरवा भाग म्हणजे हरितद्रव्य. पानांसारखंच तेही उन्हात थोडी साखर बनवतं. फळातली बहुतेक साखर पानांतूनच येते, पण काही भाग फळ स्वतः कमावतं. फळ पिकताना याच हिरव्या कणांचं रूपांतर लाल कणांत होतं आणि त्यांत लायकोपीन साठतं. म्हणजे कच्चेपणी हिरवेपणा जास्त, तर पिकल्यावर गोडी आणि लाली जास्त.

विसाव्या शतकात पैदासकारांना असे टोमॅटो मिळाले की ज्यांचं कच्चं फळ सगळीकडून सारखंच फिकट हिरवं. ते एकसारखं पिकायचं आणि कधी तोडायचं ते लांबूनच कळायचं. सुमारे 70 वर्षं जगभरच्या पैदासकारांनी हा गुण निवडून निवडून बाजारी वाणांत उतरवला. 2012 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या अ‍ॅन पॉवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात त्यामागचं कारण मांडलं. हा 'गुण' म्हणजे एका जनुकाचा बिघाड होता. जनुकाच्या मजकुरात एकच अक्षर जादा घुसलं होतं आणि पुढचा सगळा मजकूर निरर्थक झाला होता. फळात हरितकण नीट घडवणारं जनुकच बंद पडलं होतं. आपण एकसारखी लाली निवडत गेलो आणि नकळत गोडीचा एक झरा बुजवत गेलो.

तो शोधनिबंध पहिल्यांदा वाचला त्या रात्री मला झोप आली नाही. डोळ्यांपुढे गोणपाट येत होतं. जगातले मोठे पैदासकार जे करत होते तेच आम्ही पहाटे पाच वाजता करत होतो.

माझं काम म्हणजे गावरान, देठाशी हिरव्या टोमॅटोचा बाजारी वाणाशी संकर करायचा आणि पुढच्या पिढ्यांत गोडी, लायकोपीन आणि क जीवनसत्त्व मोजायचं. संध्याकाळी उमलायच्या बेतातली कळी चिमट्यानं उघडायची, पुंकेसर काढून टाकायचे, बटर पेपरची पिशवी चढवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा आणि दोऱ्यानं चिठ्ठी बांधायची. अशी शेकडो फुलं. रमजानात उन्हाळी प्लॉटमध्ये वाकून हे करताना डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. पहिल्या पिढीत सगळी फळं देठाशी हिरवी निघाली. दुसऱ्या पिढीत मी झाडं मोजली, तर दर चारांत साधारण तीन हिरवी आणि एक फिकट. मेंडेलनं वाटाण्यात 1866 साली मांडलेला तोच हिशेब माझ्या ओळींत उभा होता.

प्रयोगशाळेत क जीवनसत्त्व मोजायची पद्धत साधी आहे. फळाचा अर्क आम्लात काढायचा आणि वरून रंगाचा एकेक थेंब सोडायचा. थेंब गुलाबी होतो आणि विरून जातो. अर्कातलं जीवनसत्त्व संपलं की गुलाबी रंग टिकतो. किती थेंब विरले त्यावरून हिशेब. एका हंगामात रात्री वीज गेली, फ्रीज बंद पडला आणि निम्मे नमुने वाया गेले. तो हंगाम मी पुन्हा केला.

निकाल मला हवा होता तितका स्वच्छ आला नाही. हिरव्या खांद्याची फळं सरासरीनं थोडी जास्त गोड होती, पण फिकट फळांतही काही चांगली गोड निघाली. एकाच जनुकावर सगळं अवलंबून नसतं. शिवाय कडक उन्हात तो हिरवा भाग पिवळा, टणक राहून जातो. शेतकरी त्याला नाकारायचा ते उगाच नव्हतं. हे सगळं मी प्रबंधात लिहिलं.

त्याच काळात माझ्या आपाचं दुसरं बाळंतपण होतं. तपासणीत हिमोग्लोबिन सातवर आलेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "भाज्या खात जा." अब्बांना ते फार लागलं. भाजीवाल्याची लेक आणि तिला भाजी खा म्हणून सांगायची वेळ यावी! ही गोष्ट एकट्या आमच्या घरची नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. टोमॅटोनं रक्तक्षय बरा होत नाही. त्यात लोह फार नसतंच. पण त्यातलं क जीवनसत्त्व डाळीतलं आणि पालेभाजीतलं लोह अंगी लागायला मदत करतं. अम्मीची खट्टी डाळ त्या अर्थानं शहाणी होती.

आणि भाज्यांचं काय? अमेरिकेत डोनाल्ड डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये 43 भाज्या-फळांचे 1950 चे आणि 1999 चे सरकारी आकडे ताडून पाहिले. प्रथिनं, कॅल्शियम, फॉस्फरस, लोह, बी-2 आणि क ही दोन जीवनसत्त्वं, या सहांत घट दिसली. जुन्या-नव्या मोजणीत फरक असतो, म्हणून आकडे जपून वाचावे लागतात. त्यांचा अंदाज असा की जास्त उत्पन्न देणाऱ्या वाणांत फळ भराभर फुगतं, पण सत्त्व त्या वेगानं भरत नाही.

हे सगळं अब्बांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पर इसे लेगा कौन?" मग म्हणाले, "शेतकऱ्याला क्रेटचा भाव मिळतो, मला किलोचा. गाडी रात्रभर चालते, मऊ माल खालीच चेपतो. गिऱ्हाईक डोळ्यानं घेतं. तुझं जीवनसत्त्व तराजूत कुठं दिसतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं 'पुसा बीटा केसरी 1' हा बीटा कॅरोटीन असलेला केशरी फुलकोबी काढला. त्यात तर सत्त्व डोळ्यांना दिसतं. तरी फुलकोबी पिवळा पडला की शिळा समजायची सवय आपल्या हाडीमाशी आहे.

शेवटच्या हंगामात एका शुक्रवारी गाळा बंद ठेवून अब्बा माझा प्लॉट बघायला आले. ओळींतून सावकाश फिरले. देठाशी हिरवा, पण खाली गर्द लाल झालेला एक टोमॅटो तोडला, कुर्त्याला पुसला आणि तिथंच खाल्ला. "अशी चव किती वर्षांनी लागली," म्हणाले. मग सावलीत तोडणीचे क्रेट दिसले तसे त्यांच्याजवळ बसले आणि बोलता बोलता निवडू लागले. थोड्या वेळानं मी पाहिलं, तर एकसारखे लाल पुढे आणि हिरव्या खांद्याचे मागे. मी म्हटलं, "अब्बा, उलटं." ते हाताकडे बघून हसले. "हाथ की आदत है, बेटा."

प्रबंध झाला. माझ्या ओळींतून वाण अजून निघालेला नाही. बियाणं पाकिटांत जपून ठेवलं आहे. आता ज्या चाचण्यांत मी काम करते तिथल्या तक्त्यात वजन, संख्या, कडकपणा, रंग आणि टिकाऊपणा यांचे रकाने असतात. दोन वर्षं भांडून मी त्यात क जीवनसत्त्वाचा एक रकाना घालून घेतला आहे. त्याला अजून गुण नाहीत, नुसती नोंद होते. पण जे लिहिलंच जात नाही ते निवडलंही जात नाही, हे मी गोणपाटावर बसून शिकले आहे.

भाऊ आता गाळ्यावर बसतो. तुमच्या मंडईत देठाशी हिरवा, खाली लाल, थोडा वाकडा असा टोमॅटो दिसला, तर परत टाकण्याआधी एक घेऊन बघा. आम्ही तोच खाऊन मोठे झालो.