काळ्या रंगावरचे ओरखडे

माझ्याकडे एक जुनी स्कूटर आहे आणि गाड्यांबद्दलचं माझं ज्ञान तिच्यापाशीच संपतं. तरी आज गाडीवर लिहितोय. गेल्या रमजान ईदला एका काळ्या मस्टँगवरून मी माझ्या धाकट्याला दहा माणसांत नको ते बोललो. ते अजून मनातून गेलेलं नाही.

गाडी बायकोच्या थोरल्या भावाची. आम्ही सगळे त्यांना भाईजान म्हणतो. 2016 साली ही मस्टँग भारतात विकायला आली, तेव्हापासून त्यांच्या डोक्यात तीच होती. शेवटी एक जुनी, काळीभोर मिळाली आणि ईदला ती घेऊन ते मुंब्र्याहून बोईसरला आले. आमच्या गल्लीत अशी गाडी कधी उभी राहिली नव्हती. पोरं तर शीरखुर्मा सोडून तिच्याभोवती जमली.

बोईसरची धूळ इथे राहणाऱ्यांना माहीत आहे. एकीकडे तारापूर एमआयडीसी, दुसरीकडे ट्रक-डंपरचे रस्ते. सकाळी पुसलेली खिडकी संध्याकाळी बोटानं नाव लिहिण्याजोगी होते. बासी ईदच्या सकाळी धाकटा लवकर उठला. मामूची गाडी धुळीनं माखलेली बघून त्यानं जुना टॉवेल घेतला आणि बॉनेट, दोन्ही दरवाजे कोरडेच घासून लखलखीत केले. वय वर्षं नऊ. मामूला खूश करायचं होतं, दुसरं काही नाही.

दहाच्या सुमाराला ऊन गाडीवर आलं आणि काळ्या रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा चमकायला लागल्या. भाईजान काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा मी पाहिला. त्यांनी बोलायच्या आधीच मी पोरावर तुटून पडलो. "कुणी सांगितली होती नको ती अक्कल? एक काम धड करता येतं का तुला?" पाहुणे, शेजारी, त्याचे दोस्त, सगळ्यांसमोर. भाईजान म्हणाले, "जाऊ द्या मास्तर, लहान आहे." पण बोलून झालं होतं. पोरगा आत निघून गेला. थोड्या वेळानं बाहेर आला आणि मिळालेली सगळी ईदी त्यानं मामूच्या हातात ठेवली. "गाडी दुरुस्त करायला," म्हणाला. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही.

दुपारी आम्ही तिघं गाडी घेऊन चिल्हार रस्त्यावरच्या एका गॅरेजात गेलो. तिथे गाड्यांना पॉलिश मारणारा कारागीर माझा जुना विद्यार्थी निघाला. वर्गात मागच्या बाकावर बसायचा. "सर, तुम्ही सावलीत बसा," म्हणाला आणि कामाला लागला.

आधी त्यानं गाडी शाम्पूच्या पाण्यानं धुतली. एक बादली शाम्पूची, दुसरी फडकं खळबळायला. मग मऊ मातीच्या गोळ्यासारखं काहीतरी ओल्या पत्र्यावरून फिरवून रंगात रुतलेले कण काढले. मग टॉर्च घेऊन इंच न् इंच तपासला. एका रेघेवरून नख फिरवलं. "सर, नख अडकलं नाही तर ओरखडा वरच्यावर आहे, निघतो. अडकलं तर खोल आहे, त्याच्या मागे लागायचं नाही."

मी विचारलं, मग हे पॉलिश रेघा भरतं का? माझ्या डोळ्यांसमोर लहानपणीचा कल्हईवाला होता. भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचा, की तांब्यावर नवा चकचकीत थर. मला वाटलं, हेही तसंच असणार.

"उलटं आहे सर," तो म्हणाला. "कल्हईत वर चढवतात, इथे उतरवतात." मग त्यानं समजावलं. पत्र्यावर प्रायमर, त्यावर काळा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक थर, क्लिअर कोट. हा थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. बारीक ओरखडे त्यातच असतात. पॉलिशमधले बारीक कण ओरखडा भरत नाहीत, त्याच्या भोवतालचा थर झिजवून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणतात. सगळं एका पातळीला आलं की रेघ दिसेनाशी होते. "म्हणून हे काम वारंवार करायचं नसतं. झिजलेला थर परत येत नाही."

काळ्या गाडीवरच एवढं का दिसतं, तेही त्यानं सांगितलं. ओरखड्याच्या कडेवरून प्रकाश इकडेतिकडे फुटतो. पांढऱ्या गाडीवर तो पांढऱ्यात मिसळून जातो, काळ्यावर उघडा पडतो. आणि रेघा खरं तर गोल नसतातच. त्या वाटेल त्या दिशेनं असतात, पण उन्हात सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती आडव्या असतील तेवढ्याच चमकतात, म्हणून जाळं गोल वाटतं.

मग त्यानं टॉर्च गाडीच्या टपावर, अगदी मधोमध धरला. तिथेही तेच जाळं होतं. तो माझ्या धाकट्याकडे बघून हसला. "सर, याचा हात इथपर्यंत पोचतो का?"

पोचत नव्हता. बॉनेटवरच्या काही रेघा त्याच्या टॉवेलच्या होत्या, पण बाकीचं जाळं वर्षानुवर्षं मळक्या फडक्यांनी धुतल्याचं होतं. गाडी धुळीखाली होती म्हणून कुणाला दिसलं नव्हतं. दरवाजाच्या हँडलमागचे खोल ओरखडे तर अंगठीचे आणि नखांचे. भाईजाननी हळूच आपल्या हातातल्या फिरोज्याच्या अंगठीकडे पाहिलं.

वीस वर्षं मी पेपर तपासतोय. न वाचता मार्क देऊ नयेत, हे नव्या शिक्षकांना मीच सांगतो. पोराच्या बाबतीत मी पेपर उघडलाही नव्हता.

काम रात्रीपर्यंत चाललं. रबर आणि कडांवर टेप लावली, कारण कडेला थर अधिक पातळ असतो. आधी कोपऱ्यात हातभर जागेवर करून पाहिलं, सगळ्यात सौम्य पॉलिशनं. ते पुरलं, म्हणून कडक वापरलंच नाही. प्रत्येक भाग झाल्यावर तो स्पिरिटनं पुसून पुन्हा टॉर्च मारायचा. पॉलिशमधल्या तेलानं रेघ नुसती झाकली जाते, म्हणाला, पुसल्याशिवाय ती गेली की लपली ते कळत नाही. आमच्या शेजाऱ्यांनी टूथपेस्टचा उपाय सुचवला होता. त्यावर तो म्हणाला, "सर, त्यानं दात घासा." हँडलमागचे ओरखडे त्यानं तसेच ठेवले.

परत येताना धाकटा मागच्या सीटवर गप्प होता. घरी जाऊन एखादं आइसक्रीम दिलं असतं तर हसलाही असता. पण ते तेलाचं काम झालं असतं. बोललो होतो सगळ्यांसमोर, तर माफीही तिथेच मागायला हवी होती. बापाला, त्यातून मास्तरला, हे जड जातं. पण रेघ वर येत नसते, भोवतालच्यालाच खाली यावं लागतं.

जेवायला सगळे बसले तेव्हा मी म्हणालो, "सकाळी मी चुकलो. याचा दोष थोडा होता आणि नियत चांगली होती. बेटा, मला माफ कर." क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग भाईजाननी ईदीची पाकिटं त्याच्यासमोर ठेवली.

त्यानं पाकिटं घेतली, मोजली आणि मला विचारलं, "अब्बा, तसलं मऊ फडकं केवढ्याला मिळतं?"