घामाचा शब्द आणि गळालेला 'द'

१/ लॅटिन भाषेत घाम येण्याला 'सूदारे' म्हणत आणि घामाला 'सूदोर'. रोमन साम्राज्य लयाला गेले, तरी हा शब्द उरला. प्रांतोप्रांतीच्या बोलींनी तो आपापल्या परीने घडवला. त्यातल्या एकाच व्यंजनाचा, 'द'चा, मागोवा घेतला तरी शब्द कोणाच्या तोंडी वाढला आणि कोणाच्या पोथीत राहिला, हे उमगते.

२/ इटालियनमध्ये तो आजही 'सुदारे' आहे. रोमानियनमध्ये घाम म्हणजे 'सुदोआरे'. स्पॅनिशमध्ये दोन स्वरांमधला 'द' अनेक शब्दांतून नाहीसा झाला. 'कादेरे' (पडणे) याचे तेथे 'काएर' झाले. 'सुदार'मधला 'द' मात्र मऊ होऊन तगला.

३/ पोर्तुगीज आणि फ्रेंच बोलींनी तो पुरता गिळला. पोर्तुगीजमध्ये घाम येणे 'सुआर' आणि घाम 'सुओर'. फ्रेंचमध्ये 'स्युए' आणि 'स्युअर'. हा बदल कोणा राजाच्या आज्ञेने झाला नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या उच्चारात शब्द झिजत गेला.

४/ याच कुळातला 'सूदारियुम' म्हणजे घाम टिपण्याचा रुमाल. इ.स.पू. पहिल्या शतकातला कवी कातुल्लुस एका कवितेत आपला चोरलेला रुमाल परत मागतो. तो स्पेनमधल्या सैताबिस गावचा होता. पण कवीला त्याच्या किमतीची पर्वा नाही. तो मित्रांनी पाठवलेली आठवण होता.

५/ योहानाच्या शुभवर्तमानाच्या लॅटिन भाषांतरात येशूच्या मस्तकाभोवतीच्या वस्त्राला हाच शब्द आला. पुढे घाम टिपणाऱ्या रुमालाचे नाव प्रेतवस्त्राला मिळाले: फ्रेंच 'स्युएर', स्पॅनिश 'सुदारियो', पोर्तुगीज 'सुदारियु'.

६/ येथे पोर्तुगीजकडे नीट पाहावे. 'सुओर'मधला 'द' गेला, 'सुदारियु'मधला राहिला. पहिला शब्द राबणाऱ्यांच्या तोंडून आला, दुसरा चर्चच्या लॅटिनमधून. एकाच मुळाच्या या दोन शब्दांनी दोन वेगळ्या वाटांनी प्रवास केला.

७/ मराठी वाचकाला ही तत्सम आणि तद्भव यांचीच कथा वाटेल. संस्कृत 'स्वेद' हा 'सूदोर'चा दूरचा भाऊ. दोघांचे भारोपीय मूळ एकच. आपल्याकडे तो ग्रंथांत आणि आयुर्वेदाच्या 'स्वेदना'त राहिला. रोजच्या बोलण्यात मात्र 'घाम' आला. तो उष्णता या अर्थाच्या 'घर्म'पासून, 'र' गमावून आणि स्वर लांबवून तयार झाला. शेतात गाळला जातो तो घाम. स्वेद कोणी गाळत नाही.