ठिपके आधी, आकडा नंतर

सहसंबंध गुणांक काढायला आता क्षणही लागत नाही. एक्सेलमध्ये दोन रकाने निवडले, सूत्र दिलं, की उणे एक आणि अधिक एक यांच्या दरम्यानची संख्या हजर. तरीही मी वर्गात आधी आलेखकागद काढायला लावते. प्रत्येक जोडीचा एक ठिपका, पेन्सिलीने. हाताने ठिपके मांडताना प्रत्येक निरीक्षणाशी ओळख होते. घोळक्यातून फुटून लांब गेलेला ठिपका तिथेच लक्षात येतो.

गॉल्टनने 1888 मध्ये सहसंबंध मोजायची वाट दाखवली, कार्ल पिअर्सनने पुढे तिला आजचं सूत्र दिलं. दोन चल आपापल्या सरासरीपासून एकाच दिशेला ढळतात की विरुद्ध, हे ते सरासरीपासूनच्या त्या फरकांचे गुणाकार करून पाहतं. सूत्र देखणं आहे, पण मोजतं ते सरळ रेषेतलं नातंच. ही अट पाठ्यपुस्तकं एका ओळीत उरकतात, याचं मला फार वाईट वाटतं. चेंडू सरळ वर फेका, तो हातात परत येईपर्यंत समान अंतराच्या क्षणांना त्याची उंची टिपा. वेळ सांगितली की उंची ठरलेली, इतकं पक्कं नातं. गुणांक मात्र शून्य! चढतानाचे गुणाकार आणि उतरतानाचे गुणाकार एकमेकांना तंतोतंत फेडून टाकतात.

आकडे अचूक, चित्रं मात्र ढोबळ, हा समज खोडण्यासाठी फ्रान्सिस अ‍ॅन्सकम यांनी 1973 मध्ये 11-11 ठिपक्यांचे चार संच रचले. चारही ठिकाणी क्षची सरासरी 9, यची 7.5, गुणांक सुमारे 0.82. कागदावर मांडा: पहिला साधा, वर झुकलेला पुंजका, दुसरा कमान, तिसरा रेघेसारखा सरळ, एकच ठिपका वर उडालेला.

मी सगळ्यात जास्त वेळ चौथ्यावर घालवते. दहा ठिपके 8 वर उभ्या ओळीत, अकरावा एकटाच 19 वर. तो पुसला तर क्ष बदलतच नाही, सूत्राच्या छेदात शून्य येतं, गुणांक निघतच नाही. म्हणजे ते 0.82 एकट्या निरीक्षणाच्या जिवावर उभं! अशा वेळी मूळ नोंदवही उघडायची: हे माप कुणी घेतलं, कशाने घेतलं, उतरवताना अंक उलटसुलट झाले का? नोंद खरी निघाली तर ठिपका ठेवायचा, पण 8 आणि 19 यांच्यामधली निरीक्षणं हाती येईपर्यंत रेषा ओढायची नाही.