खडकीच्या पुलावरून

गेल्या श्रावणांत एका रविवारीं आम्ही सहकुटुंब खडकीस गेलों होतों. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं पेशव्यांची व इंग्रजांची लढाई झाली, ती जागा मुलांस दाखवावी हा हेतु. आणि जातांजातां घरचें निर्माल्य नदींत सोडावें, म्हणून प्लास्टिकची एक पिशवीही बरोबर घेतली होती. होळकर पुलावर थांबलों. खालीं मुळा दुथडी वाहत होती. धाकट्यानें विचारलें, “हें पाणी मुंबईच्या समुद्राला मिळतें ना?”

आम्ही ‘हो’ म्हणणारच होतों. जवळचा समुद्र तोच! परंतु नदीची वाट निराळी. वर दापोडीपाशीं पवना मुळेस मिळते, खालीं संगमावर मुठा. पुढें भीमा, उजनीचें धरण, मग कृष्णा, आणि शेवटीं आंध्रांत हंसलदीवीपाशीं पूर्वसमुद्र. पश्चिम समुद्रावरून आलेले मेघ सह्याद्रीवर रिते होतात, आणि तेंच पाणी खडकीवरून पूर्वेस जातें. एक समुद्र देतो, दुसरा घेतो; मध्यें आपण.

त्या घेणाऱ्याच्या पदरांत आपण काय घालतों? पूर ओसरला कीं हेंच पात्र जलपर्णीनें झांकून जातें. सांडपाण्यांतील नत्र व स्फुरद हें तिचें अन्न. तींच द्रव्यें समुद्रांत फार झालीं म्हणजे शेवाळ माजतें. तें कुजतांना पाण्यांतील प्राणवायु संपतो व मासे गुदमरतात. किनाऱ्यास हवा असलेला गाळ धरणांत अडून राहतो, आणि नको असलेल्या घाणीपैकीं बरीच पुढें जाते.

दुसरी गोष्ट याहून चिंतेची. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत, पुण्यांतून वाहणाऱ्या मुठेच्या गाळांत, अखेरचा उपाय म्हणून दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांसही दाद न देण्याची शक्ति जंतूंस देणारीं जनुकें आढळलीं. असे जंतु माणूस व म्हैस हा भेद पाहत नाहींत. नदींत डुंबणारें जनावर, नदीच्या पाण्यावरचा भाजीचा मळा आणि आपलें स्वयंपाकघर, यांच्यामध्यें कोणतीही भिंत नाहीं.

उलट समुद्राचें ऋण पाहावें. पृथ्वीवर निर्माण होणाऱ्या प्राणवायूपैकीं सुमारें निम्मा सागरांतील सूक्ष्म वनस्पति व जंतु तयार करितात. म्हणजे समुद्र कधीं न पाहिलेला खडकीकरही रोज त्याच्याच जिवावर श्वास घेतो!

एवढें बोलणें होईपर्यंत पिशवी आमच्या हातांतच होती. ती तशीच घरीं परत आणली. निर्माल्य परसांतल्या खड्ड्यांत गेलें. त्याच सायंकाळीं औषधांचें कपाट उघडलें. दोन दिवसांत बरें वाटलें म्हणून अर्धवट सोडलेल्या गोळ्या त्यांत होत्या. अशा गोळ्या मोरींत टाकण्याची आमची जुनी खोड. या वेळीं त्या वेगळ्या बांधून औषधाच्या दुकानदाराकडे विचारावयास नेल्या.

लढाईची जागा मात्र मुलांस दाखवावयाची राहूनच गेली.