जीन ग्रेचा गुन्हा तिचाच असू द्या

सप्टेंबर १९६३ च्या अंकापासून स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी ‘एक्स-मेन’ हे कॉमिक सुरू केलं, तेव्हा प्रोफेसर झेव्हियरच्या शाळेत चार मुलगे होते आणि पाचवी जीन ग्रे. हात न लावता वस्तू हलवायची तिची ताकद. टोपणनाव ‘मार्व्हल गर्ल’. दुसऱ्याच्या मनातलं जाणण्याची शक्ती तिच्याकडे आली १९६८ मध्ये, आणि तीही गुरूने आपल्या शक्तीतला वाटा दिला म्हणून. १९८१ च्या एका कथेने हे बदललं. दहा वर्षांच्या जीनची मैत्रीण ॲनी गाडीखाली सापडते, तिचं मरण जीन स्वतःच्या मनात अनुभवते आणि ही शक्ती जागी होते. म्हणजे शक्ती मुळातच तिची होती. पण त्याच कथेत झेव्हियर त्या शक्तीवर बांध घालतो, मुलीला ती पेलणार नाही म्हणून. हेतू चांगला असेल; तिला मात्र कुणी विचारलं नाही. जीनचा पुढचा सगळा इतिहास मला याच प्रश्नाभोवती फिरताना दिसतो. तिच्यात किती बळ आहे यावर लेखकांनी पानंच्या पानं खर्ची घातली; त्या बळाचा जाब तिने स्वतः द्यायचा की नाही, हे मात्र दर वेळी दुसऱ्याच कुणीतरी ठरवलं.

याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो तिच्या मृत्यूचा आहे. १९७६ मध्ये ख्रिस क्लेअरमाँट आणि डेव्ह कॉक्रम यांनी तिला जमैका बेच्या पाण्यातून ‘फिनिक्स’ म्हणून वर आणलं. त्याआधी सौरवादळात सापडलेलं अवकाशयान तिने स्वतः चालवलं होतं. वैमानिकाचं ज्ञान त्याच्या मनातून घेऊन, किरणोत्सर्गाने आपण मरणार हे ठाऊक असताना ती तिथे बसली होती. १९८० मध्ये क्लेअरमाँट आणि जॉन बर्न यांनी याच शक्तीची काळी बाजू दाखवली. मास्टरमाइंड नावाचा खलनायक तिच्या मनात शिरून खोट्या आठवणी पेरतो आणि ती बेभान होते. त्या उन्मादात ती एक तारा गिळते. त्याच्या ग्रहावरचे पाच अब्ज जीव मरतात. लेखकांनी आधी योजलेल्या शेवटात तिच्या शक्ती काढून घेऊन तिला जिवंत ठेवायचं होतं. मुख्य संपादक जिम शूटर अडून बसले: एवढ्या संहारानंतर ती सुखाने घरी कशी जाईल? मग शेवट बदलला. चंद्रावर, तिचा सहकारी आणि प्रियकर स्कॉट याच्या डोळ्यांदेखत, जीन एका प्राचीन शस्त्रासमोर स्वतः उभी राहते. जगायचं तर आयुष्यभर क्षणाक्षणाला स्वतःवर पहारा ठेवावा लागेल, हे तिने ओळखलेलं असतं.

यावर रास्त आक्षेप आहे. स्त्रीच्या हाती अमर्याद शक्ती आली की ती आधी वेडी होते आणि मग मरते, हा पुरुषांच्या भयातून आलेला साचा नाही का? आहे. १९८० चं कथानक त्यातून सुटत नाही, आणि मास्टरमाइंडचा प्रसंग वाचताना ते टोचतं. तरीही पहिल्या बेताशी तुलना करून पाहा. तिथे दुसरे कुणीतरी तिच्या मेंदूवर उपाय करून तिला निरुपद्रवी करणार होते. झेव्हियरचा बांधच पुन्हा, अधिक क्रूर रूपात. छापून आलेल्या शेवटात निदान निकाल तिचा आहे.

म्हणूनच मला १९८६ ची दुरुस्ती तिच्या मरणापेक्षा जास्त खटकते. मूळ पाच जण ‘एक्स-फॅक्टर’ या नव्या मालिकेसाठी एकत्र हवे होते आणि जीन निर्दोष ठरल्याशिवाय परतणार नव्हती. कर्ट ब्युसिक यांची युक्ती वापरली गेली: खरी जीन जमैका बेच्या तळाशी कोषात निद्रिस्त होती; फिनिक्स ही तिचं रूप घेतलेली तोतया. क्लेअरमाँट यांचा याला विरोध होता. एका फटक्यात तिचा गुन्हा गेला, पण त्याबरोबर चंद्रावरचा निर्णयही गेला. सहा वर्षं वाचकांनी जिच्यासाठी शोक केला, ती जीन नव्हतीच म्हणे. कॉमिक्समध्ये मेलेले परत येतातच, त्यात विशेष काय, असं कुणी म्हणेल. परत येण्याला माझी हरकत नाही. कृत्याची मालकी काढून घेऊन तिला परत आणलं, याला आहे. आणि या सोयीची किंमत दुसऱ्याच स्त्रीने मोजली: जीन सापडताच स्कॉट बायको मॅडेलिन आणि तान्ह्या मुलाला सोडून निघाला, आणि पुढे मॅडेलिन जीनची प्रतिकृती ठरवली गेली.

दोषमुक्त करणं ही दयाच होती, असाही बचाव होतो. पण ज्या व्यक्तीला आपल्या कृत्याचा अपराध वाटू शकत नाही, तिच्या त्यागालाही वजन उरत नाही. हे लेखकांनाही जाणवलं असावं, कारण १९८९ च्या ‘इन्फर्नो’ कथेत मॅडेलिन मरते तेव्हा तिच्या आणि फिनिक्सच्या, दोघींच्या आठवणी जीनच्या मनात येतात. तारा गिळल्याची आठवण आता तिची आहे. त्या चंद्रावर उभं राहिल्याचीही. तोतयाचा खुलासा रद्द न करता तिला तिचं आयुष्य परत मिळालं. २००६ च्या ‘द लास्ट स्टँड’ चित्रपटाने मात्र तिचा शेवट तिचा सहकारी लोगन, म्हणजे वुल्व्हरिन, याच्या पंजांवर सोपवला. २०१९ च्या ‘डार्क फिनिक्स’मध्ये, चित्रपट बराच विस्कळीत असूनही, अंतराळात झेपावण्याचा निर्णय पुन्हा जीनच घेते.